सेकंडहँड पिकअप घेताय? आधी गाडीखाली शिरा

आंब्याचा सीझन आटपला की आमच्या राजापूर-देवगड पट्ट्यात पिकअपची खरेदी-विक्री जोरात सुरू होते. विकणाऱ्याला पावसाळाभर गाडी दारात उभी ठेवून हप्ते भरायचे नसतात, घेणाऱ्याच्या हातात वाशीच्या मार्केटहून आलेले पैसे खुळखुळत असतात आणि मधे एक एजंट असतो ज्याला दोन्हीकडून कमिशन पाहिजे असतं. मग मला फोन येतात, "अरे जरा चल ना गाडी बघायला." मी मेकॅनिक नाही हे आधीच सांगतो, पण घरात पिकअप आहे, ती खारं वारं लागतं अशा ठिकाणी उभी असते, त्यामुळे गंज या विषयात आमचं शिक्षण सक्तीचं झालंय.

लोक गाडी बघायला जातात म्हणजे काय करतात, तर इंजिन स्टार्ट करून कान देतात, ऑइलचं झाकण काढून धूर येतोय का बघतात, टायरवर लाथ मारतात (ही लाथ का मारतात हे मला आजवर कळलेलं नाही), एक राउंड मारून येतात आणि चहा मागवून रेट बोलायला बसतात. इंजिन बघायचंच, प्रश्न नाही. पण इंजिन खोलून काम करणारा माणूस तालुक्याच्या प्रत्येक गावात मिळतो, रिंग-पिस्टन बदलता येतात, नोझल-पंपाचं काम होतं, पैसे जातात पण गाडी उभी राहते. चासी म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, ती सडली असेल तर तसं होत नाही. इंजिन, गिअरबॉक्स, केबिन, हौदा (माल भरायचा मागचा भाग), पाटे (चाकांवरच्या पट्ट्यांच्या स्प्रिंग) सगळं तिच्यावरच तर बसलेलं असतं, आणि आपल्याला त्याच गाडीत पेट्या भरून गगनबावड्याचा घाट नाहीतर आंबा घाट चढायचा असतो आणि येताना उतरायचाही असतो.

आता गंज सगळीकडेच चढतो, सोलापुरातपण चढतो. लोखंड, पाणी आणि हवा एवढं त्याला पुरतं. मग कोकणातल्या गाडीला इतकं घाबरायचं कारण काय, तर एक म्हणजे पाऊस, आमच्याकडे ३,००० मिलिमीटरच्या आसपास आणि घाटाजवळ त्याहून जास्त, जूनपासून सप्टेंबरपर्यंत गाडीचं पोट धड सुकतच नाही. आणि दुसरं मीठ. नुसत्या मिठाने गंज तयार होत नाही, पण खाऱ्या पाण्यातून वीज सहज वाहते आणि गंज चढण्याची सगळी भानगड शेवटी त्या बारीकशा विजेचीच असते, म्हणून जे काम गोडं पाणी पाच वर्षांत करेल ते खारं पाणी कितीतरी आधी करून मोकळं होतं. वर मीठ हवेतला ओलावा खेचून घेतं, म्हणजे एकदा चासीच्या खाचेत मीठ बसलं की पाऊस नसला, गाडी शेडमधे असली तरी तिथे ओल राहते आणि काम चालूच राहतं.

म्हणून मी किलोमीटरच्या आधी विचारतो की गाडीत काय भरत होते. मीटर तसाही कोण खरा ठेवतो.

आंबे, काजू, किराणा भरला असेल तर उत्तम, सुका माल. मासे भरले असतील तर सावध. माशाच्या क्रेटमधे बर्फ असतो, तो वितळतो, त्या पाण्यात मीठ असतं, रक्त असतं, आणि ते रात्रभर हौद्याच्या फटीतून थेंब थेंब चासीवर गळत जातं, ते पण नेमकं मागच्या भागात, कारण चढावर पाणी मागेच पळतं. हर्णैसारख्या ठिकाणी तर किनाऱ्यावर वाळूतच लिलाव भरतो, तिथे गाडी नेली की चाकांनी उडवलेली ओली वाळू आतल्या मडगार्डला चिकटून बसते. त्यातून १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणजे मिठाने माखलेली गाडी तशीच न धुता भर पावसात दोन महिने उभी. मासेवाल्यांतपण गाडी जिवापाड जपणारे आहेत, रोज गोड्या पाण्याने धुतात, पण कमी.

मासेच गाडी खातात असं सगळ्यांना वाटतं, पण खाडीची वाळू त्याहून वाईट. ओली वाळू भरली की तिच्यातलं खारं पाणी पुढच्या स्टॉपपर्यंत निथळत राहतं आणि वजन इतकं असतं की चासी वाकायला पण मदत होते. चिरे (जांभ्याचे दगड) भरले असतील तर चिऱ्याच्या कोपऱ्यांनी हौद्याचा रंग खरवडून निघतो, नंतर त्या उघड्या पत्र्यावर काहीही पडलं तरी पुरतं. पोटॅश-बिटॅश सारखी खतं, कोंबड्यांची विष्ठा, गुरांचं मूत हे सगळं पत्र्याला खातं. मालक सगळंच खरं सांगेल असं नाही, तुम्ही त्याच्या जागी असतात तर तुम्हीही सांगितलं नसतं.

गाडीवरची माती मात्र बरंच काही सांगते. नंबर एमएच ०७ किंवा ०८ आहे म्हणून गाडी कोकणातच फिरली असं नसतं, आणि एमएच ११ आहे म्हणून ती साताऱ्यातच राहिली असंही नसतं, गाड्या तीन-तीन हात फिरलेल्या असतात. चासीच्या आतल्या कोपऱ्यात, क्रॉस मेंबर (चासीची आडवी पट्टी) जिथे जोडतो तिथे, बोट घालून माती काढा. वरून कितीही धुतली तरी तिथली माती निघत नाही. लाल असेल तर आमच्याकडची, काळी चिकट असेल तर देशावरची, आणि बोटाला बारीक रेती लागून शिंपल्याचा चुरा दिसला तर पुढे काय बघायचं ते तुमचं तुम्हाला कळलं.

सामान फार लागत नाही. एक चांगली टॉर्च (मोबाइलची नको, मोबाइल शूटिंगला लागतो), एक जुना स्क्रूड्रायव्हर, छोटी हातोडी नाहीतर व्हीलपाना, फुटक्या स्पीकरमधलं लोहचुंबक रुमालात गुंडाळून, आणि आडवं पडायला गोणपाट. हल्ली मोबाइलला जोडायचा वायरीचा बारीक कॅमेरा ऑनलाइन मिळतो, तो असला तर बंद चॅनलच्या आत पण बघता येतं. आणि कृपा करून जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाऊ नका, जॅक सटकतो आणि हँडब्रेकची केबल गंजलेली आहे की नाही हेच तर आपण बघायला आलेलो असतो.

सगळ्यात सोपा उपाय म्हणजे जवळच्या वॉशिंग सेंटरला गाडी घेऊन जायची, रॅम्पवर नाहीतर लिफ्टवर चढवायची, धुण्याचे पैसे आपण द्यायचे. आधी न धुता बघायची आणि मग खालून प्रेशर मारायला लावायचं आणि परत बघायची. हे दोनदा बघणं महत्त्वाचं आहे. न धुतलेल्या गाडीवर ऑइल कुठून गळतंय, माती कुठली, पाणी कुठे साचतं ते दिसतं. आणि प्रेशर बसला की वरवर मारलेला रंग जिथे गंजावर बसवलेला असतो तिथून पोपडे उडून जातात. चांगल्या पत्र्यावरचा रंग धुण्याने उडत नाही, कुठलाही मालक त्याबद्दल तक्रार करू शकत नाही.

मालवणकडे आतेभावासाठी एक गाडी बघायला गेलो होतो त्याची गंमत सांगतो. मालक वयस्कर, बोलायला गोड. मी म्हटलं, काका, गाडी जरा रॅम्पवर घेऊया. तर म्हणाले, "कालच धुतलंय, परत कित्याक धुतास?" म्हटलं धुण्याचे पैसे मी देतो. तर, "खालसून काय बघतास, इंजिन बघा इंजिन!" इंजिन खरंच छान होतं. मासे भरले होते का विचारलं तर म्हणाले, "नाय ओ, आंबे नि काजी." शेवटी आले रॅम्पवर. फाळका, म्हणजे हौद्याचा मागचा दरवाजा, खाली पाडला आणि बिजागराच्या फटीत टॉर्च मारली तर आत खवले चिकटलेले, सुकून काचेसारखे झालेले, चांगले सुरमई-बिरमईचे नाहीत पण मासा तो मासाच. काका बघून हसले आणि म्हणाले, "झिलान भरले आसतले एक-दोनदा." झील म्हणजे मुलगा.

एक-दोनदा नव्हतं ते. मागच्या पाट्याचा ब्रॅकेट चासीला जिथे बसतो तिथे गंजाचे पदर सुटले होते, खारी बिस्किटासारखे, स्क्रूड्रायव्हर लावला की एकेक पदर खाली. आता इथे एक गोष्ट सांगतो, असे पदर दिसले म्हणून लगेच घाबरायचं नाही. गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, फुगतो, त्यामुळे जाड खपली दिसली म्हणून तेवढं लोखंड गेलं असं नसतं. खपली पाडायची आणि खाली काय आहे ते बघायचं. खाली घट्ट, काळपट लोखंड लागलं आणि हातोडी मारल्यावर टण्ण आवाज आला तर तो भाग अजून आहे, साफ करून रंग मारून चालेल. आवाज थप्प आला, बद्द आला, तर आत पोकळ झालंय किंवा आत माती भरून बसलीय. काकांच्या गाडीचा ब्रॅकेट टण्ण वाजला. त्याच्या पुढचा, स्टेपनीच्या वरचा आडवा मेंबर मात्र वाजलाच नाही, स्क्रूड्रायव्हर सरळ आत गेला आणि भोकातून लाल भुकटी माझ्या तोंडावर. आतेभावाने फक्त माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली, काकांचा चहा घेतला आणि निघालो.

टोचायचं कुठे हे माहीत पाहिजे, नाहीतर माणूस सगळीकडे ठोकत बसतो. मागच्या पाट्यांचे पुढचे-मागचे ब्रॅकेट आणि शॅकल (पाट्याचं टोक चासीला जोडणारी कडी), मागच्या चाकांच्या वरची चासी (चाकांनी उडवलेलं सगळं तिथेच जातं), क्रॉस मेंबरचे जोड, रिव्हेट किंवा बोल्टच्या भोवती, हौदा चासीवर जिथे टेकतो त्या जागा. ही शेवटची जागा कोणीच बघत नाही. लोकल बॉडीवाल्याने हौदा बांधला असेल तर मधे लाकडाची पट्टी नाहीतर रबर असतो, ते पाणी धरून बसतं, आणि वरून हौदा, बाजूने यू-बोल्ट, बघायला जागाच नाही. टॉर्च तिरपी मारून बघा, पट्टीच्या कडेने चासीचा वरचा भाग फुगलाय का, हौदा एका बाजूने उचलल्यासारखा वाटतोय का.

चासीचा चॅनल उघडा असेल, म्हणजे एका बाजूने मोकळा, तर बघणं सोपं. बंद डब्यासारखी चासी असेल तर ती आतून सडते आणि बाहेरून छान दिसते. अशा चासीला खालच्या बाजूने पाणी जायला भोकं असतात, ती मातीने बुजलेली असतील तर आत पाणी साचत होतं हे नक्की. वायर घालून उकरा आणि काय पडतं ते हातावर घ्या. सुकी माती पडली तर ठीक, गंजाचे तुकडे पडले तर हिशोब बदला, चिखलाचा गाळ पडला तर पुढे पुराचं लिहिलंय ते वाचा.

ब्रेकचे पाइप बघायला विसरू नका, लोखंडी बारीक नळ्या चासीच्या आतल्या बाजूने मागे जातात. क्लिपच्या खाली त्या सगळ्यात आधी सडतात, कारण क्लिपमधे ओल राहते. नखाने खरवडा, नुसता रंग उडाला असेल तर उडू दे, पण नळीवर खड्डे पडले असतील तर बदलून घ्यावीच लागेल आणि तो खर्च रेटमधून कमी करा. डिझेल टाकीच्या पट्ट्या, बॅटरीखालचा ट्रे (तो ॲसिडने जातो, खाऱ्या हवेने नाही), केबिनची माउंटिंगं, हे पटापट बघून होतं.

आता काळ्या रंगाबद्दल, कारण यात लोक दोन्ही बाजूंनी चुकतात. काही जण खाली चकचकीत काळी चासी बघून खूश होतात, आणि काही जण यूट्यूब बघून आलेले असतात, ताजा काळा रंग दिसला की हा काहीतरी लपवतोय म्हणतात. बाबांनो, माल वाहतुकीच्या गाडीचं पासिंग, म्हणजे फिटनेसची तपासणी, असतं, नवीन गाडीला आठ वर्षांपर्यंत दोन-दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी, आणि पासिंगला नेताना जवळपास प्रत्येक माणूस खाली काळा मारतोच, तो रिवाज आहे. म्हणून रंगावरून काही ठरत नाही, फिटनेसची तारीख बघा. पासिंग नुकतंच झालंय आणि रंग ताजा, तर ठीक, जमलं. पासिंग दहा महिन्यांपूर्वीचं आणि रंग परवाचा, तर तो रंग तुमच्यासाठी मारलाय. दुसरं म्हणजे रंग कशावर मारलाय ते बघा. पासिंगवाला पण घाईतच मारतो, पण मातीवर, रबरी बुशांवर, ब्रेकच्या होजवर, सायलेन्सरवर, सगळीकडे एकसारखा जाड थर असेल, आणि खाली बोट फिरवल्यावर खरबरीत खडे लागत असतील, तर गंज न घासता वरून दाबलाय. डांबरासारखं जाड अंडरकोटिंग तर त्याहून वाईट, कारण नवीन गाडीवर ते चांगलं, पण गंजावर मारलं की ओल आत कोंडते आणि बाहेरून वर्षभर काही दिसत नाही. तिथे स्क्रूड्रायव्हरने दोन-चार ठिकाणी थर काढून बघायला परवानगी मागा. नाही म्हणाला तर उत्तर मिळालं.

वेल्डिंगचंही तसंच, सरसकट वाईट नसतं. आमच्याकडे ओव्हरलोडशिवाय गाडी कोण चालवतंय, त्यामुळे पाटा वाढवलेला असतो, चासीला बाहेरून पट्टी मारलेली असते. पट्टी लांब असेल, दोन्ही बाजूंना सारखी असेल, बोल्ट किंवा नीट वेल्डिंग असेल तर ती ताकदीसाठी मारलीय. एकाच बाजूला, पाट्याच्या ब्रॅकेटजवळ, हातभर लांबीचं थिगळ असेल तर तिथे एकतर क्रॅक गेला होता किंवा सडलं होतं. विचारा, आणि थिगळाच्या कडेने आतल्या बाजूने बघा. वेल्डिंगच्या उष्णतेने आतला रंग जळतो, बंद चॅनलमधे परत रंग कोण मारणार, म्हणून जुन्या थिगळाच्या दोन इंच पुढे परत गंज सुरू झालेला असतो. तिथेच ठोका.

हौद्यात नवीन चेकर प्लेट, प्लायवूड किंवा रबराची मॅट टाकलेली असेल तर एक कोपरा तरी उचलायला लावा. गाडी विकायच्या आधी कोणी हौशीने प्लेट टाकत नाही. हौद्याचा पत्रा सडणं मात्र मी फार मनावर घेत नाही, तो बदलता येतो, बॉडीवाला दोन-तीन दिवसांत नवीन टाकून देतो, फक्त खर्चाचा आकडा आधी विचारून घ्या आणि रेटमधे धरा. फाळक्याच्या कड्या आणि बिजागरं बघा, कारण तो फाळका चालू गाडीत उघडला तर मागच्या मोटारसायकलवाल्याचं काही खरं नाही.

केबिनला लोहचुंबक लावायचं. रुमाल मधे ठेवून, म्हणजे रंगावर ओरखडा नको, दरवाज्याच्या खालच्या पट्टीवर, पायदानावर, चाकाच्या कमानीवर फिरवा. जिथे पकडत नाही तिथे खाली लांबी (पुटी) भरलीय. थोडी लांबी प्रत्येक गाडीत असते, ठोक लागतात, पण दरवाज्याचा खालचा चार बोटं भाग पूर्ण लांबीचा असेल तर तिथे पत्राच उरलेला नाही. दरवाजा उघडून खालच्या कडेवरून बोट फिरवा, भोकं बुजलीत का बघा. वायपरच्या खाली जी पन्हळ असते तिथे झाडाची पानं कुजून बसतात, आमच्याकडे गाड्या कलमाखाली नाहीतर काजूखाली उभ्या करतात त्यामुळे हे हमखास, आणि तिथून पाणी केबिनमधे क्लचच्या बाजूला झिरपतं. फूटमॅट उचला, खालचं सगळं उचला, दाबून बघा. ड्रायव्हरच्या टाचेखालचा पत्रा मऊ लागला तर पॅच मारावा लागेल, होतो, रडण्यासारखं नाही.

पुराच्या गाड्यांचा विषय वेगळाच आहे. २०१९च्या ऑगस्टमधे कोल्हापूर-सांगलीत पाणी आलं, २०२१च्या जुलैमधे परत आलं, आणि २२ जुलै २०२१ला चिपळूण तर बुडालंच, वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत वरपर्यंत चढलं. त्या पाण्यात किती गाड्या होत्या, त्यातल्या बऱ्याच दुरुस्त होऊन, रंगून बाजारात फिरतायत. गाडी त्याआधीची असेल तर त्या तारखेला ती कुठे होती हे विचारा, इन्शुरन्सचा क्लेम झालेला का बघा. पूर गोड्या पाण्याचा असतो हे खरं, पण गाळ राहतो आणि गाळ ओल सोडत नाही. सीटच्या रुळांच्या खाली, सीटच्या स्प्रिंगवर, डॅशबोर्डच्या खालच्या स्क्रूच्या डोक्यांवर गंज असेल तर तिथे पाणी आलेलं आहे, कारण पावसाचं पाणी तिथे पोचत नाही. वायरिंगचे कप्लर उघडून बघा, आतल्या पिना हिरव्या पडल्या असतील तर गाडी कितीही सुंदर असो, मी तरी हात लावणार नाही. गंज दिसतो तरी, वायरिंग कधी दगा देईल हे दिसतच नाही.

आणि चासी नंबर. हा तर गंजात सगळ्यात आधी बघायला पाहिजे आणि लोक सगळ्यात शेवटी बघतात, तो पण आरसीवरचा फोटो बघून. चासीवर जिथे पंच केलेला असतो तिथे स्वतः जाऊन, कापडाने पुसून, एकेक अक्षर आरसीशी जुळवा. गंजाने अक्षरं खाल्ली असतील तर नाव ट्रान्सफर करताना, लोन करताना, पेन्सिल प्रिंट (कागद ठेवून पेन्सिलने घासून काढलेला नंबरचा ठसा) घेताना प्रत्येक ठिकाणी अडणार, आणि नंबर परत पंच करायचा तर आरटीओची परवानगी लागते, कोणी पेंटर-वेल्डर ते करून देतो म्हणाला तर पळा. नंबरच्या आजूबाजूला वेल्डिंग किंवा ग्राइंडरच्या खुणा असल्या तर गंजाचा प्रश्नच राहिला नाही, तो पोलिसांचा प्रश्न झाला. फायनान्सचा बोजा आरसीवर असेल तर बँकेचं एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका, हे गंजाशी संबंधित नाही पण लिहून ठेवतो.

मग घ्यायची कुठली? माझं मत, वरवरचा लालसर गंज, हौदा, फाळका, दरवाजे, पायदान, हे सगळं रेट पाडायला वापरायचं, गाडी सोडायला नाही. पाट्यांच्या ब्रॅकेटपाशी सडलेली चासी, आरपार भोक पडलेला क्रॉस मेंबर, स्टिअरिंग बॉक्स जिथे चासीला बसतो तिथे गंज किंवा क्रॅक, यातलं काहीही असेल तर कितीही स्वस्त मिळाली तरी नको. एजंट म्हणेल वेल्डिंग मारून देतो, पासिंग करून देतो. पासिंग होईल पण, म्हणून घाटात गाडी ऐकेल असं नाही.

आतेभावाने शेवटी माण-खटावकडून गाडी आणली, कांदा आणि डाळिंबं भरणारी. बघायला इतकी वाईट की आत्या म्हणाली हे काय उचलून आणलंस, दरवाजे चेपलेले, रंग उन्हाने पांढरा पडलेला, एका बाजूचा आरसाच नव्हता. पण खाली शिरलो तर चासीवर कंपनीचा मूळ रंग अजून शाबूत, कोपऱ्यात काळी माती आणि ठोकेल तिथे टण्ण. शिवाय रंग इतका वाईट होता की मालक रेटवर फार ताणू शकला नाही.

आणल्यावर पाऊस पडायच्या आत आधी चासीची सगळी भोकं मोकळी केली, जिथे लाल दिसलं तिथे वायर ब्रशने घासून रेड ऑक्साइड आणि वरून काळा ऑइलपेंट, हौदा आणि चासीच्या मधलं लाकूड काढून नवीन रबर. मासे भरायचे नाहीत असं आतेभावाने आता तरी ठरवलंय, सीझन नसला की बघू कसं राहतंय ते, आणि भरलेच तर आल्या आल्या गोड्या पाण्याने खालून धुवायचं, दुसऱ्या दिवशी नाही. आमच्याकडे पावसाआधी जळकं ऑइल डिझेलमधे मिसळून खालून फवारायची पद्धत आहे, काका-मामा सगळे तेच सांगतात, आणि लोखंडाला ते लागू पडतं हे खरंय. पण रबराचे बुश त्या ऑइलने फुगतात, रस्त्यावर गळतं ते वेगळंच, आणि फवारणारा पोरगा चाकांच्या आत पण मारून ठेवतो. मारायचंच असेल तर ब्रशने, फक्त चासीला, आणि ब्रेकच्या ड्रमपासून लांब.